पुळणीवरचा तंबू आणि दुपारचा वारा
(वाचकांचे प्रश्न)

नाताळच्या सुट्टीपासून होळीपर्यंत कोकणच्या किनाऱ्यावर सहकुटुंब तंबूत राहायला जाणारे वाचक आता या सदराला नियमाने पत्रे पाठवू लागले आहेत. पूर्वी ‘कुठे जावे’ एवढेच विचारले जाई. या खेपेच्या बहुतेक पत्रांत मात्र वाऱ्याची तक्रार आहे. म्हणून या अंकात बाकीचे विषय बाजूला ठेवून वाऱ्याच्या जागी तंबू कसा लावावा आणि कसा राखावा, एवढ्याच प्रश्नाला जागा दिली आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. गेल्या फेब्रुवारीत मी, माझे यजमान, नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे पाच जण गुहागर तालुक्यातील एका किनाऱ्यावर तंबू लावून राहिलो. दुपारी एकच्या सुमारास तंबू उभा केला तेव्हा नुसती झुळूक होती. चार वाजेपर्यंत वारा असा वाढला की तंबूची एक काठी मधोमध चिरली, कापड फडफडू लागले आणि धाकटा रडून रडून बेजार झाला. अखेर सासूबाईंनी आणि मुलांनी रात्र गाडीत काढली. आश्चर्य म्हणजे रात्री नऊनंतर वारा अगदी पडला होता. तंबू साधा, कमी किमतीचा होता. पुढच्या वेळी महागडा तंबू घ्यावा का? — एक वाचिका, पुणे

उत्तर : तुम्ही पत्रात वेळा नेमक्या लिहिल्या आहेत, हे फार चांगले झाले, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या वेळांतच आहे. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनी पाठ केले. तंबू लावताना मात्र ते कोणाला आठवत नाहीत. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. कोकणात हा खारा वारा सकाळी दहा-अकरानंतर सुटतो, दोन ते पाच या वेळात भरात असतो आणि दिवस मावळला की पडू लागतो. उत्तररात्री जमीन समुद्रापेक्षा थंड झाली म्हणजे डोंगराकडून समुद्राकडे मतलई वाहू लागते, पण तिचा जोर बहुधा बेताचा असतो. फेब्रुवारी-मार्चपासून जमीन अधिक तापते आणि खारा वाराही त्या प्रमाणात चढतो. म्हणून डिसेंबरात जेथे निवांत राहून आलो, तीच जागा मार्चमध्ये ओळखू येत नाही. तुम्ही एक वाजता तंबू उभा केलात, म्हणजे वारा चढणीला लागलेला असताना केलात, आणि त्या वेळच्या झुळकीवरून संध्याकाळचा अंदाज बांधलात.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी १८ किलोमीटर वेगाचा वारा एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे दीड किलो वजनाइतका दाब देतो. वेग ३६ किलोमीटर झाला की तोच दाब सहा किलोंच्या वर जातो. कुटुंबाच्या तंबूची एक बाजू ३ चौरस मीटरची धरली, तर दुपारी एक वाजता साडेचार किलोंनी रेटणारा वारा चार वाजता १८ किलोंनी रेटू लागतो, आणि तोही एकसारखा नव्हे, झोताझोताने. काचतंतूची (फायबरग्लासची) काठी वाकायला तयार असते, पण तिला आधार नसेल तर ती पुन्हा पुन्हा एकाच जागी वाकते आणि तेथेच चिरते.

हा आधार तणाव्यांचा, म्हणजे तंबू चहूकडून ताणून धरणाऱ्या दोरांचा. तुमच्या पत्रात तणाव्यांचा उल्लेख नाही, आणि मला वाटते की ते पिशवीतच राहिले असावेत. पहिल्यांदा तंबू लावणाऱ्या दहांतल्या आठ कुटुंबांचे मी तसेच पाहिले आहे. वरच्या आच्छादनाला, काठीच्या अर्ध्या-पाऊण उंचीवर, कापडाची छोटी बिरडी शिवलेली असतात. तणावे तेथे बांधायचे असतात, आणि आच्छादनाच्या आतल्या बाजूने त्याच ठिकाणी असलेला पट्टा काठीला गुंडाळायचा असतो. हा आतला पट्टा सुटा राहिला तर तणावा नुसते कापड ओढतो, काठीला त्याचा काहीच उपयोग होत नाही. तणावा तंबूपासून लांब, जमिनीशी साधारण ४५ अंशांचा कोन होईल असा न्यावा आणि मेख तंबूच्या उलट बाजूला कललेली ठोकावी. दोर नायलॉनचा असेल तर दव पडल्यावर तो सैल पडतो. म्हणून सूर्यास्तानंतर एकदा आणि निजण्यापूर्वी एकदा सर्व तणावे हाताने चाचपून पुन्हा ताणून घ्यावेत.

तेव्हा माझे मत स्पष्ट सांगतो : महाग तंबू हा पहिला उपाय नव्हे. आधी जागा, मग तणावे, आणि सगळ्यांच्या शेवटी तंबूची किंमत. खरेदी करायचीच असेल तर उंच, आत उभे राहता येईल अशा तंबूऐवजी बुटका, घुमटाच्या आकाराचा, तीन काठ्या एकमेकींना छेदतील असा तंबू घ्यावा. पाच जणांसाठी एक मोठा तंबू घेण्यापेक्षा दोन लहान तंबू वाऱ्यात अधिक टिकतात, आणि सासूबाईंनाही त्यात थोडी स्वस्थता मिळेल.

लावण्याची रीतही सांगतो, कारण नुकसान बहुतेक वेळा त्या पंधरा मिनिटांत होते. शक्य असेल तर तंबू सकाळी नऊच्या आत उभा करावा, नाहीतर सूर्यास्ताच्या सुमारास, वारा उतरू लागल्यावर. दुपारीच पोहोचलात तर जेवून घ्यावे, सामान गाडीतच ठेवावे, आणि दोन तास वारा कुठून येतो, कुठे अडतो, वाळू कुठे उडते हे पाहावे. जागा निवडायला याहून चांगली वेळ नाही. लावताना तंबू जमिनीवर पसरून वाऱ्याकडच्या दोन मेखा आधी ठोकाव्यात, चारही कोपऱ्यांत जड पिशव्या ठेवाव्यात आणि मगच काठ्या उभ्या कराव्यात. तंबूची अरुंद किंवा उतरती बाजू वाऱ्याकडे, म्हणजे कोकणात दुपारी बहुधा वायव्येकडे, आणि दार आग्नेयेकडे ठेवावे. काढताना क्रम उलटा : वाऱ्याकडच्या मेखा सर्वांत शेवटी. मी एकदा वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर मेखा ठोकण्याआधी काठ्या उभ्या केल्या आणि पाण्याची बाटली आणायला वळलो. तेवढ्यात रिकामा तंबू पुळणीवरून चाळीस-पन्नास पावले गडगडत गेला आणि एका खेळत्या मुलाच्या अगदी जवळून जाऊन सुरूच्या बुंध्याला अडकला. मुलाला काही झाले नाही, पण तो क्षण मी विसरलेलो नाही, आणि तेव्हापासून मेखेशिवाय तंबूचा हात सोडत नाही.

चिरलेली काठी फेकून देऊ नये. चिरेवर वीतभर लांबीची, काठीपेक्षा किंचित रुंद अशी धातूची नळी सरकवून दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळली की काठी दोन-तीन दिवस काम देते. नळी नसेल तर बांबूची उभी फाक लावून घट्ट बांधावी. उघड्या चिरेला हात लावू नये; तिची बारीक कुसळे कातडीत शिरतात आणि लवकर निघत नाहीत.

प्रश्न : वाळूत मेखा टिकतच नाहीत. जरा ओढ बसली की उपटून येतात. शिवाय भरतीचे पाणी किती वर येईल याचा अंदाज आम्हां शहरातल्या माणसांना कसा यावा? — एक वाचक, ठाणे

उत्तर : कोरड्या वाळूत नेहमीची बारीक मेख टिकणार नाही, तिला धरून ठेवील असे वाळूत काही नसतेच. तेथे मेख ठोकायची नसते, वजन पुरायचे असते. घरून प्रत्येक तणाव्यामागे एक अशा जुन्या कापडाच्या पिशव्या न्याव्यात. तांदळाच्या पिशव्या उत्तम. पिशवी वाळूने भरून तोंड आवळावे, तणावा तिच्या मध्याला बांधावा, कोपरापर्यंत हात जाईल इतका खोल खड्डा करून ती आडवी ठेवावी आणि दोर बाहेर येण्यासाठी खड्ड्यापासून तंबूकडे एक तिरपी चर ओढावी. चर न ओढता दोर सरळ वर काढला तर ताण पडताच तो पिशवीला वर उचलतो. चरीतून काढला तर पिशवी वाळूच्या भिंतीवर रेटली जाते आणि जागची हलत नाही. वरून वाळू लोटून, बादलीभर पाणी ओतून, पायाने तुडवावी. पिशव्या नसतील तर नारळाची सोडणे किंवा हातभर लांबीचे जाड लाकूड याच रीतीने पुरता येते. प्लॅस्टिकच्या पिशव्या मात्र वापरू नयेत, कारण त्यांतली एखादी तरी वाळूत राहते आणि पुढच्या भरतीला समुद्रात जाते.

भरतीसाठी कोकणातल्या मच्छीमारांचा जुना हिशेब आहे, आणि तो कोणालाही जमेल : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, प्रतिपदेपासून पुन्हा तोच हिशेब. यात तासाभराचा फरक पडू शकतो, तेव्हा तेवढी सवड धरावी. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाणाची भरती असते आणि पाणी एरवीपेक्षा बरेच वर चढते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि ती कमी चढते. किनाऱ्यावर काटक्या, शेवाळ आणि शिंपले यांची एक लांब रेघ दिसते, ती मागच्या भरतीची खूण. अष्टमीला दिसणारी रेघ पौर्णिमेला पाण्याखाली असेल, हे ध्यानात ठेवावे. तंबू त्या रेघेच्या वर नव्हे, जेथून वाळूत वेली आणि गवत सुरू होते त्याच्याही मागे असावा.

आणखी दोन गोष्टी, ज्या तुम्ही विचारल्या नाहीत तरी सांगणे मला भाग वाटते. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालायला येतात, आणि मार्च-एप्रिलपर्यंत पिल्ले समुद्राकडे निघतात. ती उजेडाकडे वळतात. तंबूतला एक दिवाही त्यांना उलट दिशेला नेऊ शकतो. या पुळणींवर तंबू लावूच नये, गावातल्या घरी उतरावे. दुसरी गोष्ट : किनारा मोकळा दिसला तरी मागची जमीन कोणाची तरी असते. ग्रामपंचायतीत आणि जागामालकाकडे विचारल्यावाचून मेख ठोकू नये. विचारायला गेलेल्या माणसाला वारा कुठे कमी लागतो हेही गावकरी आपण होऊन सांगतात.

प्रश्न : वाऱ्याला आडोसा म्हणून नारळाच्या बागेत तंबू लावावा की सुरूच्या बनात? रत्नागिरीजवळच्या सड्यावर (मोकळ्या पठारावर) लावला तर खाली कातळच लागतो, तेथे काय करावे? — एक शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : नारळाखाली नको. शहाळ्यांचे आणि नारळांचे घड असलेल्या झाडाखाली वाऱ्याच्या दिवशी बागेतला गडीही रेंगाळत नाही. सोडणासकट नारळ आणि वाळलेली झाप चाळीस-पन्नास फुटांवरून खाली येते, आणि तंबूचे कापड त्यापुढे काहीच नाही.

सुरूचे बन आडोशाला खरोखर चांगले आहे, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. भक्कम भिंतीवर आपटलेला वारा तिच्यावरून उसळी घेऊन पलीकडे भोवरा करतो, त्यामुळे भिंतीला अगदी लागून लावलेला तंबू दोन्हीकडून हिसके खातो. सुरूच्या बारीक पानांतून मात्र थोडा वारा आरपार जातो आणि उरलेला मंदावतो. भोवरा होत नाही. अशा झाडांच्या रांगेमागे तिच्या उंचीच्या पाच-सात पट अंतरापर्यंत वारा जाणवण्याइतका कमी असतो. म्हणून तंबू झाडांच्या बुंध्याशी नव्हे, तर रांगेच्या मागे, झाड पडले तरी पोहोचणार नाही इतक्या अंतरावर मोकळ्या जागेत लावावा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा दिवेआगर-श्रीवर्धन भागात सुरू, पोफळी आणि माड आडवे झाले. अशा किनाऱ्यांवर अर्धवट मुळांवर उभे असलेले झाड आहे का, हे मान वर करून पाहून घ्यावे. बनाखाली सुरूच्या वाळक्या सुयांचा थर असतो. वारा असताना तेथे शेकोटी पेटवू नये; ठिणगी त्या थरात पडली तर हाताशी असलेल्या पाण्याने ती विझणार नाही.

सड्यावर वाऱ्याला काही अडवतच नाही, तेव्हा मुलांसह तेथे राहणे मी सुचवणार नाही. राहायचेच असेल तर मेखांच्या जागी धोंडे : तणाव्याच्या टोकाला एक वीतभर लांबीची जाड काटकी बांधावी, ती जांभ्याच्या मोठ्या धोंड्याच्या पलीकडे टेकवावी आणि दोरावर, धोंड्याच्या अलीकडे, दुसरा जड धोंडा ठेवावा. दोर धोंड्याच्या कडेला घासतो तेथे फडके गुंडाळावे. गडग्याच्या आडोशाला बसायचे मन होईल, पण गडगा बिनचुन्याचा, नुसता रचलेला असतो, आणि त्याच्या फटींत फुरसे असते. त्यापासून दहा-पंधरा पावले दूर राहावे, तंबूची चेन सतत लावलेली असावी, रात्री बॅटरीशिवाय बाहेर पाऊल टाकू नये आणि सकाळी पायताण झटकल्यावाचून घालू नये.

प्रश्न : वाऱ्यात शेगडी पेटत नाही. तंबूच्या दारातल्या पडवीत स्वयंपाक केला तर चालेल का? — एक वाचिका, सांगली

उत्तर : चालणार नाही. तंबूचे कापड वितळून अंगाला चिकटते, आणि बंद जागेत शेगडी किंवा निखारे पेटले तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला कळतही नाही. थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची घमेली आत ओढून घेणे हा तर जिवाशी खेळ आहे. गॅसच्या शेगडीभोवती आडोसा करतानाही तो टाकीला वेढून करू नये, टाकी तापते. आडोसा तीन बाजूंनी आणि फक्त ज्योतीपुरता असावा.

त्यापेक्षा वेळ बदलावी. चहा आणि भात सकाळी दहाच्या आत करून घ्यावा, रात्रीचा स्वयंपाक वारा पडल्यावर करावा, आणि दुपारी चूल पेटवूच नये. दुपारसाठी कोकणात दडपे पोहे आहेत : पातळ पोह्यांत ओले खोबरे, कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ-साखर आणि नारळाचे पाणी घालून झाकून दडपून ठेवावे, फोडणी घरून बाटलीतून न्यावी. सोबत सोलकढी. वाळू उडत असल्याने परातीऐवजी झाकणाचा डबा वापरावा, आणि घास खाऊन होईपर्यंत झाकण हातात असू द्यावे.

प्रश्न : आता निघावे, तंबू उतरवावा, हे कशावरून ठरवायचे? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : झाडांवरून. ब्रिटिश नौदलातील अधिकारी फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी १८०५ साली आखलेली वाऱ्याची श्रेणी आजही वापरात आहे, आणि जमिनीवरच्या खुणांवरून ती उपकरणाशिवाय वाचता येते. धूळ आणि कागद उडतात, बारीक फांद्या हलतात, तेव्हा वारा ताशी २० ते २८ किलोमीटर असतो; नीट ताणलेला तंबू तेवढे सोसतो. लहान झाडे डोलू लागली की वेग २९ ते ३८ झाला. तेव्हा मुलांना बाहेर काढून तंबू उतरवावा. मोठ्या फांद्या हलू लागण्याची, छत्री धरवत नाही अशी वेळ येण्याची वाट पाहू नये, कारण त्या वाऱ्यात तंबू उतरवणे दोन माणसांच्या आवाक्यातले राहत नाही.

निघण्यापूर्वी भारतीय हवामान खात्याचा अंदाज पाहावा आणि किनाऱ्यावर पोहोचल्यावर जेटीवरच्या मच्छीमारांना विचारावे. बंदरावर वादळी वाऱ्याच्या इशाऱ्याचा ३ नंबरचा बावटा लागला असेल तर तो तंबूवाल्यांनाही लागू समजावा. पावसाळा संपला म्हणजे वादळे संपली, असे नाही. फयान चक्रीवादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी, दिवाळी उलटल्यावर, कोकण किनाऱ्यावर आले होते.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या नातीला रात्री कापडाच्या आवाजाची फार भीती वाटते. तिला न्यावे की नाही? — एक आजी, सातारा

उत्तर : आजी, अवश्य न्यावे, पण आधी एक रात्र घराच्या गच्चीवर किंवा अंगणात तंबू लावून तिच्याबरोबर निजावे. आवाज बहुतेक वेळा सैल कापडाचा असतो. आच्छादन ताणले की फडफड थांबून नुसती घुमघुम राहते. किनाऱ्यावर गेल्यावर सूर्यास्ताच्या वेळी तिला हाताशी घेऊन तंबूभोवती एक फेरी मारावी, प्रत्येक तणावा तिला बोटाने छेडून पाहू द्यावा, आणि जो ढबढब वाजेल तो तिच्याच हाताने ताणून घ्यावा. रात्री आवाज आला तर तो कुठल्या दोराचा, हे ती आपल्याला सांगेल. रात्रीपुरती तिची जागा तंबूच्या मध्ये, तुमच्या आणि तिच्या आईच्या मधोमध असावी, म्हणजे झोत आला तरी कापड तिच्या अंगाला लागणार नाही.